रेवाचा साप सोफ्याखाली दूध पितो

मंडळी, आज नागपंचमी. आम्ही राहतो त्या या परक्या देशात साप औषधालाही नाही, म्हणून पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई जरा हिरमुसली होती.

तेवढ्यात माझी सहा वर्षांची रेवा आपला रबरी साप घेऊन आली. आईने त्याला पाटावर ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, दुधाची वाटी पुढे केली.

"नो आजी, ही इज शाय. ही ईट्स अंडर द सोफा."

दुखरे गुडघे सांभाळत आई कार्पेटवर आडवी झाली आणि साप, वाटी दोन्ही सोफ्याखाली सरकवली. शेजारी पालथी पडलेली रेवा सापाला म्हणाली, "घाबरू नको. ती माझी आजी आहे."

मराठी समजत असूनही कायम इंग्रजीतच उत्तर देणारी आमची रेवा!

आई बराच वेळ उठलीच नाही. वाटी अजून तिथेच आहे.

तुमची मुलं मराठी कुणाशी बोलतात हो?