कच्च्या चिकूची वडी

हे बघा, चहाचा कप आधी खाली ठेवा. घोट तोंडात असताना हा किस्सा ऐकू नये. हसा खुशाल, पण आमच्या मंजूसमोर विषय काढू नका. तीस-पस्तीस वर्षं झाली, अजून तिच्यासमोर मला ओशाळल्यासारखं होतं.

तेव्हा मी तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो, बिऱ्हाड बोईसरला. मंजू चौथीत. पालघरला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा होती आणि तिच्या शाळेतून ती एकटीच निवडली गेली होती. विषय, 'मला आवडणारी व्यक्ती'. पोरीने महिनाभर पाठांतर केलं, पण दार लावून! कोणावर बोलणार, हे ना मला सांगे ना तिच्या आईला. "तिथेच ऐका," म्हणायची.

आता यात वडी कुठून आली? माझ्या साडूंमुळे. ते अमेरिकेहून आले ते चांदीच्या कागदातली एक लांबट वडी घेऊन. एकच हो! सुरीने तिचे चार तुकडे केले. धान्य, दाणे, सुका मेवा, आणि चावू तशी मऊ मऊ ताणली जाणारी. मंजूने डोळे मिटले. म्हणाली, "बाबा, भाषणाच्या दिवशी अशी मिळाली ना, तर माझा पहिला नंबर!"

झालं. बाप पेटला.

"त्यात काय मोठं? घरी करू!"

"त्यात ओट असतात म्हणे," मंजूची आई, आमची सुमन, म्हणाली. "घोड्यांना घालतात ते. तुमचं ठीक आहे, पण पोरीला काय घालायचं?"

मी लक्ष दिलं नाही. ओटाच्या जागी जाड पोहे भाजले, दाणे, तीळ, खजूर घातला, गुळाचा पाक केला. थंड झाल्यावर वडी अशी झाली की बत्त्याने ठोकली तर ताटाला पोचा आला, वडीला नाही. पाक पुढे गेला, असं सुमन म्हणाली. मी म्हटलं, नाही, मालात काहीतरी कमी आहे. कारखान्यातला माणूस ना मी!

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुंभवलीची जनाबाय चिकूची पाटी घेऊन दारात आली. मी दोन डझन घेतले.

"सायेब, कच्चे हायत हं. चार दिस पेंढ्यात दाबून ठेवा, मंग खा. आता खाल्लं तर चीक लागंल, तोंड उघडाचं नाय!"

शहाण्या माणसाने यातून काय घेतलं असतं? चार दिवस थांबा. मी काय घेतलं? चीक! अहो, त्या परदेशी वडीत होतं ते चिवटपण, ते हेच तर नसेल?

"जनाबाय, मला चीकच पाहिजे!"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. "बाय, सायबाला बरं नाय काय?"

बारा चिकू सालीसकट किसले आणि गुळात शिजवले. गरम गरम बोटावर घेऊन चाखलं. लोण्यासारखं! जरा तुरट होतं, पण मी म्हटलं, परदेशी चव अशीच असते. ताटात थापून ठेवलं. सकाळी कापायला गेलो तर सुरी आत गेली ती बाहेरच येईना. दुसऱ्या कुणाला धोका कळला असता. मी आनंदाने ओरडलो, "जमली!"

"आधी आपण खाऊन बघू या," सुमन म्हणाली. पण एसटीची वेळ झाली होती. डबा भरला आणि मंजूला घेऊन निघालो.

पालघरच्या शाळेत मंजूच्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. पहिली वडी त्यांना दिली. त्यांनी घास घेतला आणि एकदम थांबल्या. डोळे मोठे झाले. एक हात तोंडावर, दुसऱ्या हाताने डब्याकडे बोट, आणि मान जोरजोरात हलतेय.

"लाजू नका हो बाई, घ्या आणखी एक!" मी दुसरी त्यांच्या हातात कोंबली.

तेवढ्यात परीक्षक गुरुजी शेजारून जात होते. त्यांनाही आग्रह केला. त्यांनी अख्खी वडी तोंडात टाकली, मिटल्या तोंडानेच हात जोडले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मी मनात म्हटलं, काय वळण आहे, खाताना अवाक्षर बोलत नाहीत!

मंजूचा नंबर जवळ आला. मी डबा पुढे केला.

"बाबा, आता नको. भाषण झाल्यावर खाते."

इथे माझा हात थांबायला हवा होता. नाही थांबला. "अगं, बाईंनी दोन घेतल्या! ताकद येते," असं म्हणून मी माझ्या हाताने वडी तिच्या तोंडात घातली. पलीकडून बाई दोन्ही हात हलवत होत्या. मला वाटलं, शुभेच्छा देतायत. मीही हात हलवला.

नाव पुकारलं. मंजू माईकसमोर उभी राहिली. "सन्माननीय..." एवढं आलं आणि पुढे नुसतं 'म्म्म'. जबडा या बाजूने त्या बाजूला. गुरुजी 'बोल बाळ' म्हणायला गेले, तर त्यांचंही तोंड उघडेना. ते हाताने खुणा करतायत, ही हाताने खुणा करतेय. सगळा हॉल हसायला लागला.

मलाही हसू येणार होतं. पण पोरीचे डोळे भरलेले दिसले. तिने नमस्कार केला आणि खाली उतरली.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती, भाषणाचा कागद मुठीत धरून. "चुकलं गं माझं," मी म्हणालो. ती बोलली नाही. वडीमुळे बोलत नाही की रागामुळे, तेही कळायला मार्ग नव्हता. मला फार वाईट वाटलं हो. महिनाभर घोकलेलं पोरीचं भाषण, आणि मी ते एका घासात संपवलं.

घरी सुमनने मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. दिवेलागणीला जबडा सुटला. मी हळूच विचारलं, "कोणावर होतं गं भाषण?"

"तुमच्यावर."

सांगा आता, काय करावं माणसाने? आयुष्यात एकदाच कुणीतरी माझं कौतुक करायला माईकसमोर उभं राहिलं होतं, आणि त्याचं तोंड मीच चिकटवून ठेवलं!

"मग आता म्हणून दाखव की. मी ऐकतो."

तिने कागद दप्तरात ठेवला. "आता नको, बाबा. त्यात एक वाक्य आहे, 'माझे बाबा सगळ्यांचं ऐकून घेतात.' ते बदलायला लागेल."

आज ती स्वतः शाळेत शिकवते. परवा धीर करून विचारलं, "मंजू, ते वाक्य झालं का गं बदलून?"

म्हणाली, "बाबा, वाक्य कधीच बदललंय. आता तुम्ही बदलायची वाट बघतेय."