साडूंचं माळावरचं गवत

आमच्या साडूंइतका हुशार आणि बिनकामाचा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला गाठून दोन शब्द सुनावायची माझी तयारी आहे. हा माणूस गोल्फची मैदानं आखतो आणि बांधतो. छंद म्हणून नव्हे, पोटासाठी! जिथे निम्मा मुलूख उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतो तिथल्या माणसानं पोटासाठी हा धंदा धरावा, इथूनच माझा पारा चढायला लागतो. बरं, धरला तो धरला, पण त्यांच्या एकाही मैदानावर कोणी एक चेंडू मारलेला नव्हता. दरवेळी मैदान अर्ध्यावर आलं की मंदी यायची, पैसेवाले गाशा गुंडाळायचे आणि साडू घरी. पहिल्या मैदानात आता भात लावतात. दुसऱ्यावर लग्नाचं लॉन झालं. पुढेपुढे तर त्यांना नवं काम लागल्याचे पेढे घरी आले, की मी आमच्या हिला म्हणायचो, "पेढा खा आणि घट्ट बस, मंदी निघालीय."

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. मेहुणी बेलापूरला शाळेत शिकवते आणि घर तिच्याच पगारावर चालतं. तिला राग म्हणून येत नाही. "दाजी, त्यांना आवडतं ना ते, मग करू द्या," एवढंच म्हणते. त्यामुळे तिच्या वाटणीचा रागही मलाच करावा लागतो. मी संगमनेरला दूध संघात नोकरी करून निवृत्त झालो. गवत ही गाईनं खायची वस्तू आहे, गाईनं खाल्लं की दूध होतं आणि दुधाला फॅट लागते, हे मी जन्मभर पाहिलेलं. आणि हे गृहस्थ मला सांगणार, "दादा, चांगलं गवत ते, जे कोणी खात नाही." असल्या माणसाशी मी कसं वागायचं?

सवयी तर अशा, की चारचौघांत न्यायची सोय नाही. कुठलीही जमीन दिसली की त्यांना तिचा उतार बघायचा असतो, आणि उतार म्हणे जमिनीला कान लावल्यासारखं पडूनच दिसतो. माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी हे मांडवाबाहेर पालथे पडले. लोकांना वाटलं फिट आली. एकानं कांदा फोडून आणला, दुसऱ्यानं पायातली चप्पल काढून नाकाला लावली. हे डोळासुद्धा न हलवता म्हणाले, "जरा बाजूला व्हा, उतार दिसत नाही." नवऱ्या मुलाचे वडील तेवढ्यात तिथे आले आणि मला विचारलं, "हे आपल्याकडचे का?" मी नाही म्हणालो. पंगतीतही तेच. आपण भातात आमटीसाठी आळं करतो. हे भाताची टेकडी करतात, तिच्या अंगानं बोटानं वळण काढतात, वरून आमटी सोडतात आणि ती कुठून कशी उतरते ते बघत बसतात. वाढपी दोनदा येऊन जातो, लोक हात धुवायला उठतात, यांचा भात अजून बांधकामात!

एवढं सगळं करून स्वतः मात्र ते खेळत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, की दुसरं कोणी मारत नाही तर तुम्हीच मारा ना चेंडू, हात कोणी धरलाय? तर म्हणाले, "आचारी पंगतीला आधी बसतो का हो, दादा? लोक जेवल्यावर बसतो." मी घरी येऊन हिच्यावर ओरडलो.

तर या माणसाला शेवटचं काम मिळालं ते काष्टीच्या पुढे, एका उजाड माळावर. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं तिथे बंगल्यांची स्कीम काढली होती. बंगल्यांना म्हणे मैदान हवं. रस्त्याला मोठाले फलक लागले, त्यावर पांढरी टोपी घातलेला एक माणूस हसत हसत काठी उगारतोय. तो माणूस माळावर कधी आला नाही. आले ते काळे चष्मेवाले. त्यांनी साडूंच्या पाठीवर थाप मारली, शेततळं खोदलं, एक ऑफिस बांधलं, आणि बंगले खपेनात म्हटल्यावर एका सकाळी फोन बंद करून मोकळे झाले. मंदी आहे, म्हणाले. मंदी यांना आणि उन्हात उभे आमचे साडू! त्या लोकांविषयी माझ्या मनात जे आहे ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. तोवर आखलेल्या मैदानातलं एकच होल पुरं झालं होतं. म्हणजे चेंडू पहिल्यांदा मारायची जागा, मधला लांबलचक गवताळ पट्टा, एक वाळूचा खड्डा आणि शेवटी ग्रीन, म्हणजे गालिच्यासारख्या बारीक गवताचा तुकडा. त्यातल्या लहानशा खळग्यात चेंडू जायचा असतो, म्हणून त्या तुकड्याच्या उतारावर यांचा सगळा जीव.

कंपनी गेली तरी साडू हलेनात. वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे, शेततळ्याचं पाणी बादल्यांनी ग्रीनवर शिंपडायचे आणि गवत रोज कापायचे. तेवढ्यात बातमी आली, की माळ सौर पॅनलवाल्यांनी घेतला, पुढच्या आठवड्यात जेसीबी येऊन सगळं सपाट करणार. मी गाडी काढली आणि त्यांना उचलून आणायला गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते पाठ करत होतो. पण हे पडले पालथे! मी वर उभा राहून ओरडतोय आणि हे गवतावर गाल टेकून ऐकतायत. शेवटी उठून बसले आणि म्हणाले, "येतो, दादा. भांडत नाही. फक्त कोणीतरी एकदा हे खेळू दे. जन्मात एकदा. मग जेसीबी येऊ दे." पुण्याचा कोणी चांगला खेळणारा त्यांच्या ओळखीचा होता, तो रविवारी सकाळी यायचा होता. मी म्हणालो, ठीक आहे, पण शनिवारी बेलापूरला चला, बायकोचं तोंड बघा, रविवारी उजाडता मी आणून सोडतो. आले.

रविवारी आम्ही माळावर पोचलो आणि मी गाडीचा ब्रेक कसा दाबला मला आठवत नाही. माळावर मेंढ्या होत्या. पट्ट्यावर मेंढ्या, वाळूच्या खड्ड्यात मेंढ्या, आणि ग्रीनवर तर दाटीवाटीनं बसलेल्या, रवंथ करत. बाजूला शेजारच्या शेताचे आबा उभे होते, फेटा नीट बांधलेला, लग्नघरातल्या यजमानासारखे. या आबांच्या जनावरांना साडूंनी उन्हाळाभर शेततळ्यावर पाणी पाजू दिलं होतं.

"हे काय आहे?" मी गाडीतूनच ओरडलो.

"रातभर बसवल्यात," आबा अभिमानानं म्हणाले. "सायेब रोज कापत्यात, तरी गवत बोटभरबी वाढंना. मी म्हनलं, जमिनीत दमच न्हाई, खत पायजे. आन् आज पुन्याचं पाव्हनं येनार. मेंढपाळ वाटनंच चाललं हुतं, त्यास्नी म्हनलं, बसवा हितं. ज्वारी माझ्याकडची दिली. सायबांनी जनावरास्नी पानी पाजलं, आपुन येवडंबी करू न्हाई व्हय?"

आपल्याकडे शेतात मेंढ्या बसवायच्या म्हणजे मेंढपाळाला धान्य द्यावं लागतं आणि त्याची मनधरणी करावी लागते. एका रात्रीत रान खतावून जातं. शेजारी शेजाऱ्यासाठी स्वतःची ज्वारी घालून मेंढ्या बसवतो, तर यापेक्षा मोठा मान आमच्या भागात नाही. हे मला चांगलं माहीत आहे. तरीही मी गाडीतून उतरलो आणि आबांना नको नको ते बोललो. गवत मुद्दामच आखूड ठेवलेलं होतं, वाढवायचं नव्हतं, महिनोन्महिन्यांच्या मेहनतीवर लेंड्या पडल्या, तुम्हाला विचारायला काय झालं होतं! आबांचा चेहरा उतरत गेला. "मला काय ठावं," एवढंच पुटपुटले. साडू ग्रीनपाशी गेले, खुरांनी उमटलेली भोकं बघितली, आणि परत येऊन आबांना वाकून नमस्कार केला. "लई उपकार झाले, आबा. माझ्या जमिनीला आजवर कोणी काही दिलं नव्हतं."

आता हा माणूस रागवत नाही म्हटल्यावर मी जास्तच भडकलो. त्यात पुण्याहून फोन आला. पाहुणा येत नव्हता. बाजार पडलाय, मूड नाही, म्हणाला. मूड नाही! बाजार पडला म्हणून हात मोडले का याचे? साडू फोन खिशात ठेवून म्हणाले, "चला दादा, खोलीतलं सामान घेतो. एक काठी आहे, एक चेंडू आहे."

"सामान गेलं खड्ड्यात," मी म्हणालो. "आणा ती काठी."

जन्मात मी काठी हातात धरली ती म्हशी हाकायला. पहिला फटका कंपनीच्या नावानं मारला, तो हवेतच गेला. दुसरा काळ्या चष्म्यांच्या नावानं मारला, तो जमिनीत गेला आणि मूठभर गवत उडालं. मग पुण्याच्या पाहुण्याच्या नावानं एक मारला, तो मात्र बरा बसला. मेंढपाळ हाऽर्र हाऽर्र करत मेंढ्या बाजूला घेत होता. आबा कपाळावर हात धरून चेंडू कुठे पडतो ते सांगत होते, "खड्ड्यात ग्येला, सायेब! वाळूत!" वाळूतून बाहेर काढेपर्यंत माझा सदरा घामानं भिजला. मी मोठ्यानं शिव्या देत होतो आणि साडू माझ्यामागून हात मागे बांधून, मान खाली घालून चालत होते.

ग्रीनवर आलो तेव्हा साडूंनी गुडघ्यावर बसून ओंजळीनं लेंड्या बाजूला केल्या, खुरांची भोकं अंगठ्यानं दाबली, आणि खळग्यापर्यंत एक वाट मोकळी केली. "सरळ मारू नका, दादा. त्या तिकडे मारा, आबांच्या पायाकडे." मी म्हणालो, खळगा इकडे आणि मी तिकडे काय म्हणून मारू? "मारा तर खरं." रागारागातच मारला. चेंडू आबांच्या पायाकडे निघाला, वाटेत मंदावला, जरा थांबल्यासारखा झाला आणि मग कोणीतरी हाक मारावी तसा वळून उतरायला लागला. आबांनी पाय मागे घेतला. चेंडू खळग्याच्या काठावर आला आणि आत पडला. बारीकसा आवाज झाला. टुक.

साडू तसेच गुडघ्यावर होते. त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नाही. मला एकदम रडू आलं आणि रडू आलं म्हणून भयंकर राग आला. मी काठी टाकून जायला निघालो, तर त्यांनी माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. "दादा, असा आवाज येतो होय हो? परत एकदा मारता का?"

पुढच्या आठवड्यात जेसीबी आला आणि माळ सपाट झाला. आता तिथे ओळीनं काळी पॅनल उभी आहेत. साडू बेलापूरला असतात, मेहुणी त्यांना बाजारात पाठवते, आणि ते वाटेत कुठे पालथे न पडता वेळेवर परत येतात. हे मला मुळीच आवडत नाही.

पण त्या रविवारी ऊन चढेपर्यंत मी तोच चेंडू मारत राहिलो. कधी आत गेला, पुष्कळदा गेला नाही. गेला की आबा खळग्यात हात घालून चेंडू काढायचे, धोतराला पुसून माझ्या हातात द्यायचे, आणि साडू डोळे मिटून म्हणायचे, "आणखी एकदा." नाही म्हणायला मला जमलं नाही.