हुबळीतला ठिपका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दरवर्षी क्षमावाणीला — कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागायचा आम्हा जैनांचा दिवस तो — मी हात जोडून अख्ख्या निपाणीची क्षमा मागते. भाजीवालीचीसुद्धा. ही एक चूक मात्र त्या घाऊक क्षमेत गुंडाळून टाकते आणि मोकळी होते. मोकळी? कुठली!

माझी धाकटी बहीण त्रिशला बेळगावात फार्मसी शिकत होती. आप्पा तिला पाठवायला तयार नव्हते. मीच म्हटलं, माझ्या जबाबदारीवर जाऊ द्या. मला कुणी पाठवलं नव्हतं — मी इथंच शिकले, इथल्याच शाळेत शिकवते. तिचा फोन कुठं आहे ते माझ्या फोनवर दिसेल, अशी सोयही मीच करून घेतली. काळजी म्हणा, पहारा म्हणा.

एका रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. परीक्षा जवळ आली म्हणून ती आली नाही. दुपारी मी सहज नकाशा उघडला — आणि तिचा ठिपका हुबळीत! बेळगावच्या कॅम्पातल्या खोलीत अभ्यास करतेय म्हणणारी मुलगी हुबळीत काय करते?

फोन केला. "आक्का, खोलीतच हाय गं मी," ती म्हणाली. "मालकांनी नवीन नेट घेतलंय, बिनवायरीचं डबडं. ते लावल्यापासनं फोन असंच दावतोय." खोलीचा फोटोही पाठवला. मी काय म्हणावं? "फोटो काय, कालचाबी असतोय."

आता ज्याला इतकी वर्षं बगल दिली ते सांगते. तो ठिपका बघून मला राग आला — पण त्याआधी बरं वाटलं. हो, बरं. मला जे मिळालं नाही ते हिला मिळालं, आणि बघा, हिनं त्याचं काय केलं! घरमालकांना एक फोन करता आला नसता का? मी आप्पांना सांगितलं. संध्याकाळी ते बेळगावला पोचले तेव्हा ती खोलीतच होती, पुस्तकं पसरून. मी म्हटलं, तोवर परत आली असणार. एक वर्ष राहिलं होतं तिचं. आप्पांनी तिला घरी आणलं आणि त्याच पाहुण्यांकडं चिकोडीला दिलं.

पुढं आमच्याकडंही तसलंच डबडं आलं. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते. आप्पांच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून फोनवर जवळची औषधांची दुकानं शोधली — सगळी हुबळीची. नकाशा उघडला. निपाणीत पाटावर बसलेली मी, आणि माझा ठिपका हुबळीत. आधी हसू आलं. मग मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

आप्पा बाहेरच्या सोप्यात बसले होते. हाक ऐकू गेली असती. त्याच दिवसांत त्रिशलाच्या सासरचे विचारत होते, राहिलेलं वर्ष पुरं करू दे का तिला? आप्पाच नको म्हणत होते — "तिचा भरवसा न्हाय." एका वाक्याचं काम होतं. मी नकाशा बंद केला आणि तांदूळ पुढं ओढले. आप्पा गेले ते तोच समज घेऊन. तिनंही पुन्हा कॉलेजचं नाव काढलं नाही.

त्रिशलानं मला कधी बोल लावला नाही. फक्त कुठंही गेली की, मी विचारलं नसलं तरी, ती फोटो पाठवते. घरी असली तर मागं रोजचं पान फाडायचं कॅलेंडर दिसेल, अशी उभी राहते.

यंदा क्षमावाणीलाही आला. हात जोडलेली ती, मागं कॅलेंडर. खाली लिहिलेलं, "उत्तम क्षमा, आक्का. काय चुकलं असंल तर पोटात घाल."

उत्तर देण्याआधी मी फोटो मोठा करून तारीख बघितली.