सात बटणांचा शर्ट

मास्तरांचं म्हणणं असं, की माणसाची पारख त्याच्या शर्टाच्या काजांवरून करावी. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ते भोक, पण मास्तरांसमोर त्याला भोक म्हणायची सोय नव्हती. चाळीस वर्षं शर्ट शिवले, एकही काज उसवून परत आलं नाही, हे ते गिऱ्हाइकाला माप घेताना, ट्रायलला आणि शर्ट हातात देताना असं तीनदा ऐकवत. चेनचं जाकीट दुरुस्तीला आलं तर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवत. आणि वेलक्रो, ती चर्र करून उघडणारी काटेरी पट्टी, त्यांच्या मते पिशव्यांना आणि लहान मुलांच्या बुटांना ठीक होती. थोरामोठ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

अशा माणसाला स्वतःच्याच शर्टाची बटणं लावता येईनात, याला काय म्हणावं? मास्तर काहीच म्हणत नसत. रोज सकाळी आठ वाजता ते खोलीच्या मधोमध उभे राहत, मान वर करून छताकडे बघत, आणि मास्तरीणबाई खालून वर सात बटणं लावत. छतात फार महत्त्वाचं काहीतरी चाललंय आणि खाली जे चाललंय त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असा मास्तरांचा चेहरा असे. शेवटचं, गळ्याजवळचं बटण लागलं की ते घसा खाकरून "चला, उशीर झाला" म्हणत, जणू उशीर बाईंमुळेच झाला होता.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन झाल्याचं निघालं, तेही मापाच्या वहीमुळे. दुकानात काजं-बटणं करणाऱ्या ताईंनी एक दिवस वही मास्तरांपुढे धरली. "मास्तर, हे वाचायला मला भिंग आणून द्या," त्या म्हणाल्या. "अक्षरं आहेत का मुंग्या?" मास्तरांनी चष्म्याला दोष दिला, मग दिव्याला, मग ताईंच्या वयाला. पण मागची पानं चाळली तर काय, दर वर्षाला अक्षर एकेक पायरी खाली उतरलेलं. डॉक्टरांनी हात नंतर पाहिला, वही आधी.

हाताची गंमत अशी, की मांडीवर ठेवला की तो थरथरे आणि कात्री धरली की गपगार. यावरून मास्तरांनी निष्कर्ष काढला की हा रोग कामाला घाबरतो. या रोगाची रीतच तशी आहे, थरथर बसल्या हाताला जास्त आणि बारीक काम मात्र हळूहळू जड जातं, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. मास्तरांनी त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं. कापड बेतणं, कापणं ते अजून झोकात करत. बटण मात्र बोटांत आलं की निसटे, काजाशी पोचलं की वळे, आणि चाळीस मिनिटांनी दोन लागलेली असत, त्यातलं एक चुकीच्या घरात.

डॉक्टरांनीच त्यांना मंडळात धाडलं. दर दुसऱ्या गुरुवारी वाचनालयाच्या तळमजल्यावर पार्किन्सनवाले आणि त्यांच्या घरचे जमत. मास्तर पहिल्या दिवशीच जाहीर करून मोकळे झाले की आपण बायकोला सोबत म्हणून आलो आहोत. तिचे गुडघे कुरकुरतात, तिला एकटीला कसं सोडायचं? मंडळानं दिलेली निळी पुस्तिका त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि शिवण कच्ची आहे एवढाच शेरा मारला. आत गोळ्यांच्या वेळा कशा पाळाव्यात, पडू नये म्हणून घरात काय बदलावं, गिळताना काय जपावं, सगळं मोठ्या अक्षरात होतं. बाईंनी ती दोनदा वाचली. मास्तरांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

मंडळ चालवणाऱ्या फिजिओबाई म्हणजे मूर्तिमंत घंटा. "मोठं पाऊल, मोठा आवाज, मोठा हात," हे त्यांचं ब्रीद. पाय जमिनीला चिकटले तर काय करायचं हे दाखवायला त्यांनी फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की अडलेला पाय उचलतो, हे पाहून मास्तर थक्क झाले, पण तसं दाखवतील तर ते मास्तर कसले. घरी येऊन त्यांनी आपल्या खडूनं उंबऱ्यापाशी तीन रेघा मारल्या आणि बायकोला सांगितलं, की फिजिओबाईंच्या पट्ट्या वाकड्या होत्या, रेघ अशी असते.

मंडळात एक निवृत्त बसचालक होते, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांचा उजवा पाय सतत नाचे. "ब्रेक दाबतोय अजून," असं ते सांगत. मास्तरांचं त्यांच्याशी जमलं, कारण दोघांनाही दुसऱ्याचा आजार आपल्यापेक्षा जास्त वाटे.

सभेच्या उत्तरार्धात घरच्या माणसांची बैठक वेगळी, लाकडी पडद्यापलीकडे होई. तिथं काय बोलतात हे विचारायचं नाही, असा नियम होता. मास्तरांनी तो पाळला असताच. पण एका गुरुवारी ते पाणी प्यायला उठले, पडद्याशेजारच्या दारापर्यंत आले आणि नेमके चौकटीत त्यांचे पाय चिकटले. तिथं पट्टी नव्हती. खडू दुकानात. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, आणि कान काही चिकटत नाहीत.

पलीकडे मास्तरीणबाई बोलत होत्या. "तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली मी. डॉक्टर म्हणाले, आता गुडघा बदलला नाही तर पाय असाच वाकडा राहील. पण दवाखाना आणि मग लेकीकडे, सहा आठवडे मी घरात नसणार. त्यांची बटणं कोण लावणार? मुलीला लावू देत नाहीत, ताईंना लावू देत नाहीत. उघड्या शर्टानं दुकानात जायचे नाहीत. म्हणजे घरातच बसतील, आणि घरात बसले की संपलंच." कुणीतरी हसलं, बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगितलंय, डॉक्टरांनी मलम दिलंय म्हणून."

मास्तर चौकटीत उभे. मलम त्यांनी पाहिलं होतं. रोज रात्री बाई ते चोळत आणि मास्तर वासाबद्दल तक्रार करत. आपल्याला वाटत होतं, सकाळची ती पाच मिनिटं फक्त आपल्यालाच जड जातात. वर छताकडे बघताना खाली ही बाई दुखऱ्या गुडघ्यांवर उभी असते, हे आपल्याला एकदाही दिसलं नाही. त्यांना लाज वाटली, आणि ती बराच वेळ वाटत राहिली, कारण पाय सुटायला बराच वेळ लागला.

त्या रात्री मास्तरांनी पहिल्यांदा निळी पुस्तिका उघडली. कपड्यांचं पान सापडलं. त्यावर बटण ओढून घ्यायच्या आकड्याचं चित्र होतं आणि खाली त्या नतद्रष्ट वेलक्रोचं. आकडा त्यांनी मागवून पाहिला. चांगला होता, पण सात बटणांना वीस मिनिटं आणि कपाळावर घाम. शेवटी एका दुपारी ताई जेवायला गेल्याचं बघून ते समोरच्या दुकानातून हातभर वेलक्रो घेऊन आले, तेही कागदात गुंडाळून, चोरीचा माल आणावा तसं.

आता वेलक्रो लावायची, तर ती दिसता कामा नये. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. मास्तरांनी काजं शिवून बंद केली, वर नुसती शोभेची बटणं टाचायला लावली, आणि पट्टी जाड दिसू नये म्हणून प्रत्येक बटणामागे बटणाएवढाच, नखाएवढा वेलक्रोचा तुकडा बेतला. बेत इतका सुबक, की ताईंनाही शंका आली नसती. आलीच, कारण टाचायचं काम त्यांनाच करावं लागलं.

गुरुवारी मास्तर शर्ट स्वतः घालून बाहेर आले. बाईंनी विचारलं, "हे कसं?" मास्तर म्हणाले, "सराव." बाईंच्या कपाळावर आठी पडली, पण वेळ नव्हता.

सभेत त्या दिवशी फिजिओबाईंनी सगळ्यांना गोलात उभं केलं. "दोन्ही हात बाजूला, जितके जातील तितके, आणि पोटातून मोठ्ठा आ." मास्तरांच्या अंगात त्या दिवशी वारं संचारलं होतं. त्यांनी हात असे फेकले, की चर्र, चर्र, चर्र करत सातही बटणं एकामागून एक सुटली आणि मास्तर बारा माणसांसमोर छाती उघडी टाकून आ करत उभे राहिले.

मग ड्रायव्हरकाका म्हणाले, "मास्तर, दार उघडलं. उतरायचं का?"

हसताना दोघांना खुर्च्या धराव्या लागल्या. मास्तर गोरेमोरे झाले, शर्ट ओढू लागले, तर फिजिओबाईंनी जवळ येऊन एक बटण उलटून पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही शिवलंत? माझ्या दुसऱ्या पेशंटांना असे चार हवेत. पण तुकडे मोठे लावा." मग तर रांगच लागली. प्रत्येकाला असाच शर्ट पाहिजे, बाहेरून सभ्य आणि आतून सोपा. ड्रायव्हरकाकांना चौकडीचा. मास्तरांनी खिशातून टेप काढला आणि तिथंच मापं घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात मान वर केली तर पडद्याशी मास्तरीणबाई उभ्या. त्या हसत नव्हत्या.

घरची अर्धी वाट सरली. मग बाई म्हणाल्या, "हे खूळ कधीपासून?"

"तू मलम का चोळतेस हे मला कळलं तेव्हापासून."

बाई थांबल्या. मास्तर पुढे म्हणाले, "मुद्दाम नाही ऐकलं. पाय अडकले होते दारात. आता तू तारीख घे. मला भीती वाटते, नाही असं नाही. तू नसलीस की घर खायला उठेल. पण माझ्या बटणांपायी तुझा पाय वाकडा राहिला, तर मला वर बघायची सोय उरणार नाही."

बाईंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "एक अट आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी तुम्ही एकटे उठायचं, वेळेवर गोळी घ्यायची, कपडे करायचे आणि दवाखान्यात यायचं. मुलगी न्यायला येणार नाही, ताई येणार नाहीत. मी डोळ्यांनी बघेन, मगच आत जाईन. नाहीतर उठून घरी येईन, सांगून ठेवते."

"आणि मी तुला घरी आणणार कसा? तुझे गुडघे, माझे पाय."

"म्हणून तर नीट या," बाई म्हणाल्या.

आदल्या संध्याकाळी लेकीनं बाईंना दवाखान्यात नेलं. सकाळी सहाला गजर झाला. मास्तरांनी गोळी घेतली आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, ती लागू पडेपर्यंत पाऊण तास खाटेच्या कडेला बसून राहिले. हा पाऊण तास भारी लांब असतो. हात थरथरत होता, त्याला ते कामाचा धाक दाखवत होते, पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. मग हळूहळू अंग सैल झालं. नव्या शर्टाला बोटभर लांब तुकडे होते, पट्टी थोडी जाड दिसत होती, आणि मास्तरांनी आरशासमोर उभं राहून तिला माफ केलं. खालून वर, सात वेळा दाबलं. छताकडे बघायची गरज पडली नाही.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचर शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर येऊन थांबलं होतं. लेक बाजूला उभी होती. वॉर्डातला माणूस दोनदा घड्याळ बघून झाला होता, पण बाई कोपरावर टेकून अर्ध्या उठून बसल्या होत्या आणि कुणाचंही ऐकून आडव्या होत नव्हत्या. लिफ्टचं दार उघडलं. मास्तर एक मोठं पाऊल टाकून बाहेर आले, मग दुसरं.

बाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. सातही बटणं सरळ रेषेत. "गोळी?" "सहाला." "पडला नाहीत ना कुठं?" "नाही."

मग बाईंचा हात आपसूक वर उठला. मास्तरांची मागची कॉलर अर्धी आत दुमडून राहिली होती. हात कॉलरपर्यंत पोचायच्या आधी मधेच थांबला, आणि त्यांनी तो परत चादरीखाली घेतला.

"कॉलर आत गेलीय मागं," त्या म्हणाल्या. "करा नीट."

मास्तरांनी हात मानेमागे नेला. पहिल्यांदा बोटं घसरली. दुसऱ्यांदा कॉलर अजूनच आत गेली. लेक पुढे झाली, तिला बाईंनी नजरेनंच थांबवलं. वॉर्डातला माणूसही घड्याळ बघायचं विसरला. बऱ्याच वेळानं कॉलर बाहेर आली, एका बाजूला जरा जास्त.

बाई मागं सरकून उशीवर आडव्या झाल्या. "हं," त्या म्हणाल्या. "आता न्या मला."