तपेलं गहाळ आहे

आम्ही म्युझियमवाले तसे कमी बोलणारे. पण वस्तूंच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो, त्याचं नाव काढा आणि मग बघा! ते वापरणारे आम्ही सगळे वर्षातून एकदा भेटतो, आणि घरी जाताना प्रत्येकाकडे पोतंभर किस्से असतात. यंदा जमलो किहीमजवळच्या एका गावात, नारळाच्या वाडीत.

*

यजमान सुनंदाताई, म्हणजे गावचं म्युझियम चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी दारातच प्रत्येकाच्या गळ्यात वस्तूला बांधतात तसं लेबल अडकवलं. माझ्या लेबलवर ‘स्थिती: किरकोळ झीज’. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या निखिलच्या लेबलवर ‘स्थिती: दुरुस्ती प्रलंबित’. तो बिचारा दिवसभर ते मिरवत फिरला.

*

निखिलने मोठ्या ऐटीत नवीन सोय दाखवली. फोटो काढा, वस्तू काय आहे ते सॉफ्टवेअर सांगेल. त्याने नारळ खवायच्या विळीचा फोटो काढला. उत्तर आलं, ‘शस्त्र’.

विळीवर स्वयंपाकाच्या पार्वतीकाकू बसल्या होत्या. खवता खवता म्हणाल्या, “व्हय, बरोबर हाय. आमच्या मालकांना इचारा.”

*

आता तपेल्याचं. ताईंच्या म्युझियममधली एकूण एक वस्तू गावातल्या घरांनी दिलेली. त्यातच लग्नाचा भात रांधायचं भलंमोठं तांब्याचं तपेलं. अट एकच, गावात लग्न किंवा मोठी पंगत निघाली की ते बाहेर काढायचं. पण सॉफ्टवेअरमध्ये पर्याय चारच: प्रदर्शनात, साठ्यात, दुरुस्तीला, गहाळ. खोटी नोंद ताईंच्या हातून व्हायची नाही. त्यामुळे दर लग्नाला तपेलं ‘गहाळ’, आणि मुंबईत विश्वस्तांचे अध्यक्ष जोगसाहेब यांना आपोआप मेल!

शेवटी साहेब कावले. पुन्हा गहाळ झालं तर तपेलं काचेच्या कपाटात कुलूपबंद, म्हणाले. गाव म्हणालं, मग आमच्या सगळ्या वस्तू परत द्या. म्हणजे म्युझियमच बंद. ताईंची झोप उडाली.

*

सॉफ्टवेअरमध्ये पुढची सुधारणा कोणती, हे आम्ही दरवर्षी मतदानाने ठरवतो. जिंकतात कायम मोठ्या शहरांतले. ताईंची मागणी ‘वापरात’ हा पाचवा पर्याय द्या एवढीच, आणि ती दरवर्षी पडते. यंदा ऐन वेळी प्रोजेक्टर बंद पडला, तेव्हा निखिल म्हणाला, जेवता जेवता हात वर करून उरकू.

पंगत बसली. पाहुणे म्हणून आलेले जोगसाहेब दुसऱ्यांदा भात मागत होते. ताईंच्या मागणीला आम्हा लहान गावांतल्यांचे मोजकेच हात वर गेले. एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. त्यांनी मोठ्याने वाचलं, “तपेलं गहाळ आहे.”

ताई वरणाचं भांडं घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. “मीच नोंद केली साहेब. बाहेर काढलंय, तर साठ्यात आहे असं कसं लिहू?”

साहेबांनी फोनकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. पार्वतीकाकू वाफाळत्या तपेल्यात उलथनं घालून उभ्या होत्या. “भात वाढू का न्हाय?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी फोन पालथा ठेवला आणि वरणभाताने माखलेला हात वर केला.

निखिल चाचरत म्हणाला, “साहेब, उष्ट्या हाताचं मत धरायचं का?”

“गहाळ तपेल्यातला भात चालला, मग मत का नाही चालणार?”

एकेक करत अख्ख्या पंगतीचे हात वर गेले, मोठ्या शहरांतल्यांचेसुद्धा. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. निखिल मोजायला लागला, तर काकू त्याच्यावरच खेकसल्या,

“हात खाली घ्या सगल्यांनी. भात निवतोय.”