ज्यानं बांधला, थो खाली

पलटन गुरुजींच्या उंबऱ्यापाशी त्यांचे बूट कायम बाहेर तोंड करून ठेवलेले असत. कोणी चुकून ते आत वळवून ठेवले की घरभर आवाज चढे, "बोलावनं आलं तं काय उलटा चालत जाऊ?" त्यांच्या बायकोला सारं गाव आक्का म्हणे. ती शेजारणींना सांगायची, "सासरी आली तवापासून पाहून राह्यली बाई, हा मानूस घरात हाय का निंगाला, काई समजत न्हाई."

ते आमच्या मराठी शाळेत मास्तर होते, शिवाय राखीव फौजेत, पूल बांधणाऱ्या पलटणीत. वर्षातून एकदा कॅम्पला जात. कुठे पुरात पूल वाहून गेला की तार येई, आणि ते खडू खाली ठेवून निघत. तलमडुगूकडच्या आमच्या कापूस-ज्वारीच्या गावात हे कुणाला धड समजत नसे. पारावरचा कोणी विचारी, "गुरुजी, तिकडं बंदूक चालवता का?" "बंदूक चालवाले लई हायेत. मी पान्हा चालवतो."

माणूस भयंकर रागीट. कवायतीच्या तासाला ते विहिरीचा दोर आणून आम्हाला गाठी मारायला लावत आणि गाठ सुटली की दोराचं टोक पाठीवर बसे. "भार आला का घट्ट व्हावं, अन् सोड म्हटलं का सुटावं. तुमी लेकहो उलटे. भार आला का सुटता!" तेव्हा आम्ही हसायचो.

त्यांचा एक कायदा होता. सरकारी नव्हे, त्यांच्या पलटणीतल्या उस्तादाचा. नव्या पुलावरून पहिली गाडी जाईल तेव्हा बांधणारानं पुलाखाली उभं राहायचं. ज्यानं बांधला, थो खाली. गाव आणि बुद्धवाडा यांच्यामध्ये नाला होता आणि गुरुजींचं घर पलीकडे, बुद्धवाड्यात. पावसाळ्याआधी ते नाल्यावर ओंडक्यांचा साकव रचत आणि पोती घेतलेली माणसं वरून चालवून स्वतः खाली उभे राहत. एकदा ओंडका निसटला आणि त्यांचा खांदा मोडला. दुखण्यानं चेहरा काळाठिक्कर पडला होता, तरी ओरडले, "बांधला मी, पडला माह्याच आंगावर. बराबर हाय!" तेव्हापासून त्यांचा डावा खांदा उतरलेलाच राहिला.

पुढे नाल्यावर सरकारी पूल मंजूर झाला. त्याचं कंत्राट घेणारे गुत्तेदार माझे वडील. मी नुकताच कॉलेज सोडून आलेलो, त्यामुळे देखरेख माझ्याकडे. सिमेंटच्या गोण्या पुलाच्या नावानं येत आणि आमच्या अंगणात उतरत. त्या सिमेंटची आमच्या घराला गच्ची झाली. पुलाला नाल्यातली मातकट वाळू पुरली. हे मला माहीत होतं. गच्चीवर गार वारा येई आणि मला झोपही चांगली लागे.

पूल सुरू व्हायच्या दिवशी गिट्टीनं भरलेली लॉरी तोंडाशी उभी होती. लॉरीला हार घालून झाला आणि गुरुजी पुढे आले. "गुत्तेदार, खाली उभे राह्यता ना?"

वडील हसले. "गुरुजी, हे तुमची पलटन न्हाई."

"मंग पोराले पाठवा. त्यानं पाह्यलं ना काम?" ते माझ्याकडे वळले. "ये लेका. मी हावो संगं."

मी हारातल्या झेंडूच्या पाकळ्या खुडत राहिलो. उद्घाटनाला आलेले सरकारी सायब घड्याळ पाहत म्हणाले, "अरे, क्या तमाशा है ये?" लोक हसले. गुरुजी एकटेच उतरले आणि पुलाखाली जाऊन उभे राहिले. वडिलांनी ड्रायव्हरला हात केला. खाली माणूस आहे हे पाहून केला. लॉरी पार झाली आणि टाळ्या पडल्या.

गुरुजी वर आले ते डोक्यावर, खांद्यावर करडी भुकटी घेऊन. त्यांनी ती चिमटीत धरली आणि माझ्या तळहातावर सोडली. "पाह्य. दाबून पाह्य." मी ती झटकून टाकली.

दुसऱ्या पावसाळ्यात पूल गेला. त्या वेळी पुलावर कोणी नव्हतं, म्हणून चौकशीही झाली नाही. गुरुजी तेव्हा तार आल्यामुळे दूर कुठल्या तरी नदीवर परक्यांसाठी पूल जोडत होते. आक्काला ताप चढला होता. बुद्धवाड्यातल्या माणसांनी तिला इकडच्या दवाखान्यात न्यायला बैलबंडीत घालून काठापर्यंत आणलं. इकडे आम्ही उभे, मध्ये पाणी. आमच्या काठाच्या झाडाला बांधायला त्यांनी दोर फेकला. आमच्या बाजूनं कोणी धरला नाही. पाणी उतरायच्या आत आक्का बंडीतच गेली. माझ्याच गावाचा मला इतका राग येतो की तोंड कडू होतं. आणि त्या गावात मी होतो. दोर माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता आणि गाठी मला येत होत्या.

गुरुजी परत आले. आमच्या दाराशी आले नाहीत, शिवी दिली नाही. पुढच्या वर्षी तार आली तेव्हा पुन्हा निघाले. मी न राहवून वाटेत म्हणालो, "गुरुजी, आता कशाले जाता?"

"तिकडंबी कोनाची आक्का असनच ना," म्हणाले आणि चालू लागले.

वडिलांमागे गुत्तेदारी माझ्याकडे आली. त्याच नाल्यावर नवा पूल मी बांधला, गोणी न् गोणी पुलातच घातली, आणि म्हाताऱ्या गुरुजींना बोलवायला स्वतः गेलो. ते काठी टेकत, बूट घालून आले. लॉरी तोंडाशी लागली तसा मी खाली उतरलो.

वरून त्यांचा आवाज आला, "खाली कोन हाय?"

"मी हाय, गुरुजी."

लॉरी गेली. माझ्या अंगावर कणभरही काही पडलं नाही. मी वर पाहिलं. ते काठावरून वाकून, डोळे बारीक करून मला शोधत होते.

"आता उभा राह्यला," ते म्हणाले. "तवा काऊन न्हाई?"

त्यांनी वाट पाहिली, बरीच पाहिली. मग काठी टेकत उतारानं खाली आले, माझ्या शेजारून, बुटांसकट पाण्यात उतरले आणि नाला ओलांडून घरी गेले. त्या पुलावर त्यांनी शेवटपर्यंत पाऊल ठेवलं नाही.