सिएनाचा मनोरा आणि दादाची नवमी

सिएना आवडायचं नाही, असं ठरवूनच मी तिथं गेलो होतो. महायुद्धात माझा मोठा भाऊ त्याच शहराच्या वेशीवर पडला होता. मिलच्या यंत्रांचं काम शिकायला मला उज्जैनहून इटलीत पाठवलं होतं. परतण्याआधीचा एक रविवार मी सिएनासाठी राखला.

आणि शहर निघालं सुंदर. मला त्याचा रागच आला. भाजक्या विटांच्या सहा-सातशे वर्षांच्या इमारती, चढत जाणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या, मग एकदम उघडणारा उतरता चौक आणि त्याच्या कडेला उंच मनोरा. दादाच्या कानपूरकडच्या सोबत्यानं पत्रात लिहिलं होतं, की टेकडीवरून हा मनोरा दिसायचा आणि दादा रोज म्हणायचा, लढाई थांबली की वर चढून बघू. मी चढलो. वरून त्या टेकड्या दिसल्या आणि मला रडू आवरेना.

मग शहराबाहेरच्या सैनिकांच्या स्मशानभूमीत गेलो. तिथल्या नोंदवहीत दादाचं नाव होतं आणि मृत्यूची तारीख. आमच्याकडे सरकारी तार आली ती दिवाळीच्या तोंडावर, तीत तारीख नव्हती. सोबत्याच्या पत्रात 'सावन बदी नवमी' होतं. तेवढ्यावर बाबा दरवर्षी श्रावण वद्य नवमीला भैरवगढला, नदीकाठच्या सिद्धवटावर, श्राद्ध करत. मुलाचं श्राद्ध बापानं करू नये असं भटजी सांगून थकले. बाबा ऐकत नसत.

घरी येऊन त्या सालचं पंचांग काढलं, तर ती तारीख आषाढातली. हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यांचं सावन बदी म्हणजे आपलं आषाढ वद्य. उज्जैनात जन्म काढलेल्यांना हे कुणी सांगायला नको. पण ते पत्र वाचताना घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

बाबांना सांगावं की नाही, या घोळात वर्षं गेली, मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश झाला. चुकीच्या दिवशी त्यांना पुन्हा घाटावर जाताना बघवेना, म्हणून शेवटी सांगितलं.

बाबांनी पंचांग ओढून घेतलं. त्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे हर साल," ते म्हणाले, "पोरगं महिनाभर उपाशी बसून राहिलं रे, माझी वाट बघत."